तात गेली, तान राहिली

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या घरांतून 'नायलॉन' हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका तो वर्षभरात उच्चारला जात नसेल. "चिवड्याला जाडे पोहे नकोत, नायलॉन आणा," असे घरातून बजावले जाते आणि वाणीही काही न विचारता नेमकी पुडी काढून देतो. उपासाच्या चिवड्याचा नायलॉन साबुदाणा निराळा. ह्या पोह्यांत नायलॉनचा धागा औषधालाही नसतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण एके काळी नायलॉनची साडी ही मोठी नवलाईची वस्तू होती. ती तलम होती, हलकी होती, म्हणून जे जे तलम आणि हलके ते ते आपल्या बायकांनी नायलॉन करून टाकले.

ह्याच्या उलट प्रकारही आपल्या घरात चालू असतो. मुलगा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन येतो आणि म्हणतो, "बाबा, गटिंग करून आणायचंय." गट म्हणजे आतडे. पूर्वी रॅकेटीची जाळी जनावरांच्या आतड्यांच्या दोरीने विणत, त्यावरून हा शब्द आला. आज त्या जाळीत बहुधा नायलॉन असते. म्हणजे पाहा, पोह्यांना नायलॉनचे नाव आणि नायलॉनला आतड्याचे नाव! आतडे आणि नायलॉन ह्यांचे हे नाते रॅकेटीपुरते नाही. त्याचा खरा इतिहास घडला तो वाद्यांच्या तारांवर, आणि मला तो शोधावा लागला एका गिटारीच्या पायी.

आमचे नाहूर म्हणजे भांडुप आणि मुलुंड ह्यांच्यामधले गाव. २००६ साली त्याला स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळाले, तोवर लोकल गाड्या त्याला ओळख न देताच निघून जात. पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओलसर होते की कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते आणि काड्यापेटी ओढता ओढता हात दुखतो. अशा ह्या गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. दिवसा कुरियरच्या कचेरीत नोकरी आणि रात्री गिटार. गिटारही साधी नव्हे. फ्लामेंको नावाचे जे स्पेनमधले गाणे-नाचणे आहे, त्याच्या साथीची. एका जुन्या बाजारातून त्याने ती घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यावर पोलादी तारा चढवून ठेवल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारा मिळून गिटारीला साधारण ४० किलोच्या आसपास ओढतात, तर पोलादी तारांची ओढ ७० किलोच्या घरात जाते. बापड्या हलक्या गिटारीची घोडी त्या ओढीने पोटावरून उचलली गेली होती. सुताराकडून ती चिकटवून आणल्यावर तो माझ्याकडे आला.

"सर, एका नाचाच्या वर्गात साथीला बसायचं आहे. जमलं तर कायमचं काम आहे. पण तारांचा एकच जोड घेण्याइतके पैसे आहेत आणि दुकानात नायलॉनच्या पन्नास तऱ्हा. पाकिटावर लिहिलंय नॉर्मल टेन्शन, हार्ड टेन्शन. मला तर वाचूनच टेन्शन आलं!"

मी शाळेत इतिहास शिकवतो, गिटार नव्हे. परंतु त्याचा प्रश्न ऐकल्यावर मला वाटले की हा प्रश्न निम्मा तरी इतिहासाचाच आहे. नायलॉन गिटारीवर आले कोठून, आणि ते कोणाची जागा घेऊन बसले, हे कळल्याशिवाय त्यातले बरेवाईट कसे कळावे?

ज्याची जागा नायलॉनने घेतली त्याला आपल्याकडे तात म्हणतात. बकऱ्या-मेंढ्यांची आतडी धुऊन, खरवडून, क्षाराच्या पाण्यात भिजवून, ओली असतानाच पीळ देऊन ताणून वाळवायची. मग घासून गुळगुळीत करायची, की झाली तात. आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी ती पाहिली आहे, पण वाद्यावर नव्हे. खांद्यावर भली मोठी कमान टाकून गाद्यांचा कापूस पिंजायला पिंजारी दारी येई, त्याच्या कमानीला ती असे. मोगरीच्या ठोक्यासरशी 'टँव टँव' असा जो नाद आळीभर घुमे, तो तातीचाच. आम्हां मुलांना तो पिंजारी म्हणजे रस्त्यावरचा गवईच वाटे.

हा शब्दही मोठ्या घराण्यातला आहे. संस्कृतात 'तन्' म्हणजे ताणणे. त्यापासून तंतु, त्यापासून तंत्री, त्यापासून तात. ताण त्याच कुळातला आणि गवयाची तानही त्याच कुळातली. युरोपातल्या भाषांत ह्या घराण्याची दुसरी पाती गेली, तिच्यातून 'टोन' निघाला आणि 'टेन्शन'ही निघाले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला पाकिटावर वाचून जे टेन्शन आले, ते तातीचे चुलत भावंडच होते.

युरोपात तातीची मोठी कसबी घराणी होती. इटलीच्या आब्रुत्सी भागात साल्ले नावाचे एक डोंगरी खेडे आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढीच्या आतड्यांच्या तारा वळीत. आज न्यूयॉर्ककडच्या ज्या डॅडॅरिओ कंपनीच्या तारा जगभर जातात, तिचे मूळपुरुष ह्याच खेड्यातले. जुन्या गिटारीच्या वरच्या सुराच्या तीन तारा शुद्ध तातीच्या असत आणि खर्जाच्या तीन तारा रेशमाच्या धाग्यावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या. तातीचा नाद गोड, पण स्वभाव नाजूक. हवा ओली झाली की ती फुगे आणि सूर सोडी. हवा कोरडी झाली की ओढली जाऊन तुटे. बोटांच्या घामाने तिचे धागे सुटत. एक सारखी जाडीची तार मिळाली, तर दुसरी मिळेलच अशी खात्री नसे. श्रीमंत वादक तारा भरपूर विकत घेऊन ठेवी. गरिबाने काय करावे?

आणि फ्लामेंको तर गरिबांचेच संगीत. स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतात ते वाढले. त्यात त्या प्रांताच्या लोकगीतांचा वाटा आहे, मुसलमानी राजवटीच्या आठवणींचा वाटा आहे, पण त्याचा प्राण मानले जातात ते जिप्सी. हे जिप्सी आपल्याला अगदीच परके नाहीत. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानाच्या वायव्येकडून निघाले, हे भाषापंडितांनी त्यांच्या बोलीवरून सिद्ध केले आहे. युरोपातल्या जिप्सींच्या रोमानी बोलीत एकाला 'येख', दोनाला 'दुइ', पाचाला 'पांज' म्हणतात. पाण्याला 'पानी' आणि कानाला चक्क 'कान'! इराण, आर्मेनिया, ग्रीस अशी पायपीट करीत त्यांचे तांडे स्पेनमध्ये पोचले, त्याचा पहिला कागदोपत्री पुरावा १४२५ सालचा आहे. आरागॉनच्या राजाने त्यांच्या एका नायकाला प्रवासाचे परवानापत्र दिले होते. पण हा पाहुणचार टिकला नाही. १४९९ साली भटके जीवन सोडा नाहीतर देश सोडा असा हुकूम निघाला आणि १७४९ साली तर एकाच मोहिमेत त्यांची हजारोंनी धरपकड झाली. अशा लोकांच्या गाण्यात आर्त हाक असावी, ह्यात नवल ते काय?

त्यांच्या साथीची गिटारही तशीच. आजच्या गिटारीचा घाट ज्याने घालून दिला तो कारागीर अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७ ते १८९२) आंदालुसियातल्याच आल्मेरियाचा. शास्त्रीय वादनाच्या गिटारीला तिथे ब्राझीलकडचे महाग शिसवी लाकूड लागे, तर फ्लामेंकोच्या गिटारीची पाठ व बाजू गावाकडच्या स्वस्त सायप्रसच्या केल्या जात. लाकूड हलके, म्हणून आवाज चटकन उठणारा आणि चटकन विझणारा. नाचणाऱ्याच्या टाचांच्या ठेक्याला असाच आवाज हवा. बोटांनी तारांवर झोड उठवायची, मध्येच पोटावर टकटक ठोके द्यायचे; त्यासाठी तिच्या पोटावर एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो. इतका मारा सोसायचा तो तातीने!

इबेरियातले हे सूर आपल्या किनाऱ्याला सोळाव्या शतकातच लागले. नाहूर ज्या साष्टी बेटात आहे, ते १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेले आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याकडेच होते. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची रीतच पडली. तिथले वादक पुढे मुंबईला आले, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत राहिले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. १८६५ साली सुरू झालेले फुर्तादो हे वाद्यांचे दुकान त्याच परिसरातले. तातीची तार आणि मुंबईचा पाऊस ह्यांची गाठ पडली की काय होत असेल, ह्याची कल्पना नाहूरला राहणाऱ्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

आता नायलॉनकडे वळू. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स नावाचा एक बुद्धिमान पण खिन्न वृत्तीचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी हा पदार्थ प्रथम तयार झाला. आपल्या शोधाचे वैभव पाहायला तो राहिला नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याने आत्महत्या केली. १९३८ साली नायलॉनची जाहीर घोषणा झाली, दात घासण्याच्या ब्रशात ते आले आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर नायलॉनचे पायमोजे विक्रीला निघाले तेव्हा दुकानांपुढे बायकांची झुंबड उडाली. मग महायुद्ध आले. नायलॉन पायांवरून निघाले आणि हवाई छत्र्यांत गेले. इकडे तातीवरही सरकारी हात पडला, कारण जखमी सैनिकांचे टाके घालायला शस्त्रवैद्यांना हीच तात लागे. वादकांच्या वाट्याला काही उरेना. जखम शिवायची की गाणे वाजवायचे, असा प्रश्न आला तर उत्तर एकच असते आणि ते योग्यच असते.

ह्या टंचाईच्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन नावाचा एक वाद्ये बनवणारा कारागीर होता. तो मूळचा डेन्मार्कचा. लष्कराच्या शिल्लक मालाच्या दुकानात त्याला नायलॉनचा एकसंध तंतू सापडला आणि तो गिटारीवर चढवून पाहावा असे त्याच्या मनात आले, अशी हकिकत सांगतात. त्याची पत्नी रोझ शाळेत शिक्षिका होती, हे वाचून माझ्यातल्या शिक्षकाला फार बरे वाटले. दोघांनी मिळून ह्या तंतूला तारेचे रूप दिले. ड्यूपॉन्टच्या अधिकाऱ्यांना खात्री वाटेना, तेव्हा ऑगस्टीनने त्यांना न दाखवता तात आणि नायलॉन दोन्ही ऐकवले, आणि त्यांनी नायलॉनलाच पसंती दिली, असेही सांगतात. जगप्रसिद्ध गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३ ते १९८७) तातीच्या लहरीपणाने गांजलेलाच होता. त्याने ह्या तारा आपल्याशा केल्या आणि १९४० नंतरच्या त्या दशकाअखेरीस त्या बाजारात आल्या. फ्लामेंकोवाल्यांनीही त्या उचलल्या. रामोन मोंतोया १९४९ साली वारला; त्याची हयात तातीवर गेली. पाको दे लुसिया १९४७ साली जन्मला. त्याची सारी हयात नायलॉनवर गेली. एका वादकाच्या अंतापासून दुसऱ्याच्या बालपणापर्यंत इतक्या थोडक्या काळात हजारो वर्षांची एक वस्तू हातातून सुटली.

आमच्या उपनगरांनाही नायलॉनने हात दिला. १९५८ साली स्थापन झालेल्या निर्लॉन कंपनीचा धाग्याचा कारखाना गोरेगावला होता. आज कारखाना नाही. त्या जागी काचेच्या कचेऱ्या आहेत. नायलॉनचे सारेच गुण गायचे असेही नाही. संक्रांतीच्या पतंगाला लावलेल्या नायलॉनच्या मांज्याने पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापले, म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. ज्या चिवटपणामुळे गिटारीची तार टिकते, त्याच चिवटपणाने पाखराचा जीव जातो.

तातीच्या जाण्याने काही गेले नाही, असेही म्हणता येत नाही. आपल्या सारंगीचे उदाहरण घ्या. तिच्या मुख्य तीन तारा तातीच्या. पंडित रामनारायण १९४९ साली मुंबईला आले आणि साथीला बसणाऱ्या ह्या वाद्याला त्यांनी स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून दिला. त्यांनी पोलादी तारा चढवून पाहिल्या. वाजवायला त्या सोप्या गेल्या, पण नाद बदलला, म्हणून ते पुन्हा तातीकडे परतले. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ते वारले. गिटारीने तात सोडली आणि सारंगीने धरून ठेवली. ह्यात एक पुढारलेली आणि दुसरी मागासलेली असे काही नाही. गिटारीच्या कानाला नव्या तारेत आपला आवाज सापडला, सारंगीच्या कानाला तो सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा 'कान' फ्लामेंकोच्या बाबतीत फार महत्त्वाचा, आणि तो समजून घ्यायला स्पेनला जावे लागत नाही, मिरजेला गेले तरी पुरते. एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तलवारींचे दिवस सरल्यावर तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यात अग्रगण्य. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक दोरा सरकवतात. त्याने तार घोडीला नाजूकपणे घासत राहते आणि जो झणकार उठतो ती जवारी. जवारी नसलेला तंबोरा आपल्याला मुका वाटतो. शास्त्रीय गिटार वाजवणारा मात्र तार पडद्याला घासून आवाज आला की कपाळाला हात लावतो. फ्लामेंकोवाला आपल्या बाजूचा आहे! त्याच्या गिटारीत तारा पडद्यांना इतक्या जवळ ठेवतात की जोरात वाजवताना थोडी खरखर होते, आणि ती त्याला हवी असते.

आता त्या पन्नास पाकिटांकडे आलो. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर नव्हे. पण मारें मर्सेन ह्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली तारांचे जे नियम ग्रंथात मांडले, ते शाळेतल्या मुलालाही समजतात. लांबी आणि सूर तेच ठेवले, तर तार जितकी जड तितका ताण जास्त. नायलॉन पाण्याच्या सुमारे १.१५ पट जड, तात सुमारे १.३ पट. म्हणून तोच सूर त्याच ताणावर हवा असेल तर नायलॉनची तार तातीहून जाड करावी लागते. जाडी वाढली की आवाज बोथट होतो. म्हणूनच नायलॉनच्या जोडात तिसरी तार नेहमी जराशी दबलेली वाटते. त्यावर उपाय म्हणून कार्बन नावाने विकल्या जाणाऱ्या तारा निघाल्या. त्यांचा पदार्थ पाण्याच्या सुमारे १.७८ पट जड, त्यामुळे त्या बारीक असतात आणि चमकदार बोलतात.

हार्ड टेन्शनच्या तारा ताठ असतात. त्या पडद्यावर कमी आपटतात, आवाज मोठा देतात, पण बोटे लवकर थकवतात आणि घोडीला जास्त ओढतात. नॉर्मल टेन्शनच्या तारा हाताला मऊ आणि झपाट्याच्या कामाला सोयीच्या. जोरात झोडले तर खरखर अधिक. त्याने आपल्या वर्गातल्या दोन मित्रांच्या गिटारी आणल्या, एकीवर हार्ड, एकीवर नॉर्मल. ऑगस्टीनची कसोटी आम्ही आमच्या गच्चीवर घेतली. मी पाठ करून बसलो आणि त्याने दोन्ही आळीपाळीने वाजवल्या. एकीचा आवाज भरघोस होता. दुसरीचा जरा कमी, पण तिच्यात तंबोऱ्याची ती ओळखीची खरखर होती. मी म्हटले, "मला दुसरी आवडली. पण वाजवायचं तुला आहे, तुझा कान काय म्हणतो?" तो हसून म्हणाला, "सर, ती नॉर्मल आहे. माझी बोटंही तेच म्हणतात." चिकटवलेल्या घोडीचेही मत तेच पडले असते.

मग राहिलेल्या गोष्टी व्यवहाराच्या. खर्जाच्या तारांचा गाभा आता रेशमाऐवजी नायलॉनच्या बारीक धाग्यांचा असतो आणि वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली. नाहूरच्या घामट हवेत त्या आधी काळवंडतात आणि मुक्या होतात. त्यांतही चौथी तार आधी झिजते. म्हणून पुढचे पैसे जमतील तेव्हा पूर्ण जोडाऐवजी नुसत्या खर्जाच्या तारा घ्याव्या. वाजवण्याआधी हात धुवावे आणि नंतर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्या. नवी नायलॉनची तार तीन-चार दिवस तरी सैल पडत राहते, तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी ती चढवू नये. आठवडाभर आधी चढवून रोज सुरात आणावी. त्याने तसेच केले. वर्गातल्या पहिल्या दिवशी त्याने वाजवले, आणि आठवड्यातून दोन दिवसांचे काम त्याला मिळाले आहे.

तात वळणाऱ्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कमान खांद्यावर घेऊन फिरणारा पिंजारीही आता क्वचितच दिसतो. पण त्यांनी हजारो वर्षे आतडी पिळून, ताणून, घासून माणसाच्या कानाला एका आवाजाची जी सवय लावली, त्याच सवयीने न्यूयॉर्कच्या त्या कारागिराने नायलॉन पारखले आणि त्याच सवयीने नाहूरच्या एका मुलाने आपले पाकीट निवडले. कान तयार नसता तर नायलॉनचा नुसता धागाच राहिला असता, त्याची तार झाली नसती.